प्रामाणिक शोधाचं वर्ष

१६ जानेवारी २०१८

शॉना टॅनर म्हणाली, रोज काय केलं ते तारीख घालून लिहून ठेवा, उद्या कोर्टानं विचारलं तर दाखवता येतं. त्यासाठी निळी वही आणली आहे. ही वही वेगळी. ही कुणाला दाखवायची नाही.

एल्वूडला जाऊन आज आठवडा झाला. जमीन दगडासारखी गोठली आहे, म्हणून शवपेटी चर्चमागच्या दगडी कोठीत ठेवली आहे. एप्रिलात माती सैल झाली की पुरायचं. भाऊ गेला पण अजून कुठं पोचला नाही, असं काहीतरी वाटत राहतं.

शॉना वकील झाली तरी माझ्यासाठी ती चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवलेली पोरच आहे. आज मात्र तिनं दार लावून घेतलं आणि मृत्युपत्र वाचून दाखवलं. एप्रिल २००३ चं. मला एक्झिक्युटर नेमलंय, म्हणजे त्यात लिहिलेलं सगळं पार पाडायचं काम माझं. ते मला अपेक्षितच होतं, दुसरं आहे कोण. पुढचं अपेक्षित नव्हतं. घर, जमीन आणि घरातलं सामान जिनेट म्यूज हिला. एक्झिक्युटरनं तिचा प्रामाणिक शोध घ्यावा. माझ्या मृत्यूपासून एका वर्षात ती सापडली नाही, तर घर माझी बहीण आर्डिथ हर्टल हिला.

मी म्हटलं, “परत वाच.” तिनं परत वाचलं.

“नको असेल तर आत्ताच नाही म्हणा, हर्टलबाई,” शॉना म्हणाली. “कोर्ट दुसऱ्या कुणाला तरी नेमेल. पण एकदा हात घातला की मध्येच सोडता येत नाही. आणि काही चुकलं तर तुमच्या स्वतःच्या खिशातून भरावं लागतं.”

मी हो म्हटलं. परक्या माणसानं येऊन आमची कपाटं उघडायची, हे मला सहन झालं नसतं.

जिनेट कोण ते इथं लिहून ठेवते. एल्वूडच्या बोटीवर कामाला होती, सहा मोसम. लॉबस्टरचे पिंजरे ओढायची, गड्यासारखी. राहायची इथंच. माझा नवरा रॉस गेला त्या वर्षी, २००१ च्या ऑगस्टात, मी एका हिवाळ्यापुरती म्हणून भावाकडे आले. ऑक्टोबरात ती निघून गेली, आपली आपण. मी तिला जा म्हटलं नाही. एका स्वयंपाकघरात दोघींचा पसारा मावत नाही, एवढं कधीतरी बोलले असेन.

२४ जानेवारी

घरातल्या वस्तूंची यादी सुरू केली. तीन महिन्यांत कोर्टात द्यायची. शॉनानं बजावलं आहे, “घर आता एल्वूडचं नाही आणि तुमचंही नाही. ज्याचं ठरेल त्याच्यासाठी तुम्ही ते सांभाळताय. एक चमचा हलवलात तरी लिहून ठेवा.” तेव्हापासून चमचा उचलताना हात थबकतो. सोळा वर्षं वापरलेली किटली. माझी की घराची?

विम्याच्या कंपनीला फोन केला. घरात माणूस राहतंय ना, विचारलं. हो म्हटलं, मी राहते. कोणत्या नात्यानं, म्हणाले. एक्झिक्युटर, म्हटलं.

शेडमध्ये एल्वूडच्या रबरी कोटाखाली दुसरा एक छोटा कोट टांगलेला आहे, आणि खाली बुटांचा जोड, सहा नंबरचा. दर शरदात एल्वूड दोन जोड्यांना तेल लावायचा. मला वाटायचं, दुसरा जादाचा असेल. एल्वूडचा पाय अकरा नंबरचा होता.

तिथंच दोन खोकी आहेत, जुनी भांडी, एक लोखंडी तवा. यादीत ‘जुनी भांडी, दोन खोकी’ असं लिहिलं.

११ फेब्रुवारी

जिनेटच्या वेजपोर्टच्या जुन्या पत्त्यावर पाठवायचं पत्र लिहून झालं. बर्फ फार आहे, टपाल पडून राहील. थोडं ओसरलं की टाकते.

२६ फेब्रुवारी

पत्र टाकलं. एकतीस वर्षं मी टपालाच्या खिडकीत बसले, बर्फानं टपाल पडून राहत नाही हे मला ठाऊक आहे. पण घाईत चुकीचं काही लिहिलं गेलं असतं तर? पुन्हा वाचून दोन शब्द बदलले. ते बरं झालं.

१४ मार्च

पत्र परत आलं. ‘या पत्त्यावर राहत नाही.’ पाकीट हातात घेतल्यावर कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. वाट बघण्याचा ताण असतो माणसाला, म्हणून असेल. निळ्या वहीत नोंद केली आणि पाकीट टाचून ठेवलं.

२८ एप्रिल

आज एल्वूडला पुरलं. वारा होता, पण ऊन होतं. पंचवीस-तीस माणसं आली.

बोट आणि परवाना वेंडल रिट्सीला द्यायचं एल्वूडनंच ठरवून ठेवलं होतं, ते कागद गेल्या आठवड्यात झाले. वेंडल एल्वूडच्या पलीकडच्या धक्क्यावरचा, चाळीस वर्षांचा दोस्त. जेवणाच्या वेळी तो ताटली घेऊन माझ्या शेजारी बसला.

“जिनेट दिसली नाही,” म्हणाला.

“तिचा पत्ता नाही. पत्र परत आलं.”

“पत्ता नाही कसा? एल्वूड दर नाताळला तिला कार्ड धाडायचा की.”

“माझ्या खिडकीवर त्यानं कधी तसलं कार्ड दिलं नाही.”

“ब्रिजवॉटरला जाऊन टाकायचा.”

“पंचवीस किलोमीटर? कशाला? इथं पोस्ट होतं की.”

वेंडलनं काट्यानं बटाट्याचा तुकडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हो ना. इथं पोस्ट होतं.”

त्याला आणखी काही विचारलं नाही. लोकं आली होती, चहाचं बघायचं होतं. आणि वेंडलला पत्ता माहीत असता तर त्यानंच सांगितला असता.

३ मे

शॉनाचा फोन. “काही नवीन कळलं का?” मी म्हटलं, नाही. वेंडलचं बोलणं म्हणजे ऐकीव गोष्ट, ती काय सांगायची. फोन ठेवल्यावर निळी वही उघडली, तारीख घातली आणि मिटून ठेवली.

१९ जून

एल्वूडकडून कुणाचं पैशांचं येणं असेल तर कळवा, ही सूचना सरकारी गॅझेटात लागली. जिनेटसाठी वेगळी जाहिरात द्यायची होती. शॉना म्हणाली, “ती अकेडियन ना, घरची भाषा फ्रेंच? मग फ्रेंच पेपरातही देऊ.” मी म्हटलं, इस्टेटीचा खर्च जपून करायला नको का. तूच सांगतेस. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, निर्णय तुमचा.” इंग्रजी पेपरात दिली, दोनदा. जिनेटला इंग्रजी चांगलं येत होतं. वाचायची फ्रेंचच, पण येत होतं.

स्वयंपाकघराचा नळ गळतो. दुरुस्त करून घेणं माझं कर्तव्य की माझी सोय? प्लंबरला बोलावलं आणि पावतीची नोंद दोन्ही वह्यांत केली.

१७ ऑगस्ट

वेंडल आला. बोटीची केबिन साफ करताना समुद्राचे नकाशे ठेवायच्या फळीमागं बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला म्हणे.

“हे मी विकत घेतलेलं नाही,” म्हणाला. “मी बोट घेतली. हे इस्टेटीचं. तू एक्झिक्युटर, तू घे.”

“काय आहे?”

“कागद आहेत. मी उघडून परत लावला. दुसऱ्याचं टपाल वाचू नये हे तूच शिकवलंस गावाला.”

त्यानं झाकण जरा उचललं तेव्हा वरचं पाकीट दिसलं. फिकट निळं, मागे पत्ता लिहिलेला. चर्च पॉइंट. अक्षर उजवीकडे झुकलेलं. वाण्याची यादी लिहून जिनेट फ्रिजवर लावायची, तेच अक्षर.

ब्लूबेऱ्या आलेल्या आहेत, जॅमचं काम पडलंय. डबा पिठाच्या फळीवर ठेवला. निळ्या वहीत लिहिलं नाही. आत काय आहे ते नीट बघितल्याशिवाय काय लिहायचं?

३० ऑगस्ट

जॅमच्या बावीस बरण्या. डबा बघायला वेळ झाला नाही.

८ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंग, सुगीचा सण. एकटीच होते, कोंबडी आणली, टर्की काय करायचीय एकटीला. छाती धडधडते, डॉक्टरनं तपासलं, म्हणाला हृदय ठीक आहे, काळजी करू नका. इस्टेटीचं काम करणाऱ्यांना होतं असं. एल्वूडचा कर चुकता झाल्याचा कागद आला नाही अजून, तो आल्याशिवाय कुणाला काही वाटून देता येत नाही, आणि जागेचा करही भरायचाय. काळजी न करून कसं चालेल.

पीठ हल्ली दुकानातून छोट्या पिशवीत आणते आणि ओट्यावरच ठेवते. त्या फळीपर्यंत हात पुरत नाही आता.

१२ डिसेंबर

शॉनाकडे गेले. मुदत ९ जानेवारीला संपते. शोधाचं प्रतिज्ञापत्र तयार करायचं. तिनं माझी निळी वही पानापानानं वाचली. पत्र, परत आलेलं पाकीट, जाहिराती, वेजपोर्टच्या चर्चला केलेला फोन, फोनच्या डिरेक्टरीतल्या म्यूज आडनावाच्या अकरा जणांना लावलेले फोन. अकराही वेजपोर्टच्या बाजूचे.

“कुणी बघितलं तर म्हणेल, बाईनं कसर ठेवली नाही,” शॉना म्हणाली.

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

२० डिसेंबर

सही करायला बोलावलं होतं. टाइप केलेली दोन पानं. शेवटचं वाक्य असं: माझ्या माहितीतला प्रत्येक मार्ग मी वापरला आहे.

मी शॉनाला विचारलं, “प्रामाणिक शोध म्हणजे किती शोध? कायद्यात काही माप असेल ना.”

“कोर्टाचं माप असतं, ते यात बसतं,” ती म्हणाली. “पण एल्वूडकाकांनी हा शब्द मुद्दाम घालायला लावला होता. बाबा तेव्हा ऑफिस बघायचे. त्यांनी सांगितलं, हा शब्द मोजता येत नाही, भांडणं होतील. एल्वूडकाका म्हणाले, आर्डिथला मोजता येईल.”

मी चष्मा घरी विसरले असं सांगितलं. वाचल्याशिवाय सही करत नाही मी, म्हटलं. शॉना म्हणाली, बरोबर आहे, उद्या या.

चष्मा पर्समध्ये होता.

२१ डिसेंबर

शॉनाकडे गेले नाही. स्टूल घेऊन डबा खाली काढला.

सोळा कार्डं आणि एक पत्र, सगळ्यांवर एल्वूडचं नाव आणि ब्रिजवॉटरच्या पोस्टातल्या पेटीचा नंबर. कार्डांत फार काही नाही. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. बहीण वारली. गुडघा दुखतो. बोट कशी आहे. पत्र मार्च २००३ चं. जसंच्या तसं उतरवते, कारण उतरवलं नाही तर उद्या मी म्हणेन असं काही नव्हतंच.

‘एल्वूड, तू पुन्हा विचारलंस म्हणून लिहिते. ती तिथं आहे तोवर मी येणार नाही. पण तिला बाहेर काढू नकोस. तिचा नवरा गेलाय, तिला जायला जागा नाही. मला बहीण आहे. आणि हे तिला सांगू नकोस, आपल्यामुळं झालं असं तिच्या मनात राहील.’

मृत्युपत्र त्याच्या पुढच्या महिन्याचं.

सोळा वर्षं तो माझ्यासमोर बसून जेवला. मीठ दे, म्हणायचा. आज वारा पडेल, म्हणायचा.

२७ डिसेंबर

वेंडलला म्हटलं, चर्च पॉइंटला ने. का, ते त्यानं विचारलं नाही. गाडीत एवढंच म्हणाला, “मी तुला ऑगस्टात डबा दिला होता, आर्डिथ.”

“माहीत आहे.”

“मी सप्टेंबरात तिला स्वतः लिहिणार होतो. मग म्हटलं, हे काम एल्वूडनं आर्डिथवर टाकलंय. तिला करू दे.”

“मी केलं नसतं तर?”

“मुदतीच्या आदल्या दिवशी, आठ जानेवारीला, मीच गेलो असतो तिच्याकडे.”

दोन तास रस्ता. समुद्राच्या कडेला लाकडी घर, वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. जिनेटनं दार उघडलं. केस पांढरे झालेत, खांदे अजून तसेच रुंद. माझ्याकडे बघून तिनं आधी माझ्या मागं जिन्यात बघितलं, कुणी आहे का. वेंडल खालीच थांबला होता.

“गेला ना?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“यंदा कार्ड आलं नाही. चोवीस तारखेपर्यंत वाट बघितली, मग समजले. कधी?”

“नऊ जानेवारी.”

“या जानेवारीत? वर्ष होत आलं?”

“हो.”

ती दाराशीच उभी राहिली. मग आत गेली आणि खुर्चीत बसली, मला बस म्हणाली नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं. मृत्युपत्र, घर, मुदत.

“पुरलं कधी?”

“एप्रिलच्या अठ्ठाविसाला.”

“आणि माझा पत्ता तुला कधी मिळाला?”

जिन्यात मी याचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. डबा नुकताच उघडला, असं. ते खोटंही नव्हतं.

“ऑगस्टात,” मी म्हटलं. “आणि वेंडलनं कार्डांचं एप्रिलात सांगितलं, पुरलं त्याच दिवशी. तेव्हाच शोधलं असतं तर सापडला असता. मी शोधला नाही.”

“घरासाठी.”

“घरासाठी.”

तिनं हात चेहऱ्यावरून फिरवला. “मी घर सोडलं त्या दिवशी बंदरावरून आले होते. हाताला आमिषाचा वास. माझी सगळी भांडी तू खोक्यात भरून शेडमध्ये नेऊन ठेवली होतीस. माझा तवा त्यात. तू म्हणालीस, इथं जागा होत नव्हती.”

“हो.”

“घर गेलं ते काही नाही, आर्डिथ. घरं येतात, जातात. मला मातीला यायचं होतं.”

पंचवीस माणसांना चहा दिला मी त्या दिवशी.

ती उठली आणि तिनं ओव्हन लावला. कालची रापूर होती, किसलेल्या बटाट्याची आणि कोंबडीची. तीन ताटल्या काढल्या, वेंडलला खिडकीतून हाक मारली. मी ताटलीतलं सगळं खाल्लं.

“घराचं काय करतेस?” वेंडलनं तिला विचारलं.

“घेणार. नको म्हणायला मी काही संत नाही. रोज जिना चढून माझा गुडघा गेला.”

“चांगलं आहे,” वेंडल म्हणाला. “छपराला पत्रे लागतील पण.”

३ जानेवारी २०१९

शॉनाला सगळं सांगितलं, तारखांसकट. ही वहीसुद्धा नेली होती, ऑगस्टचं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाचलं. रविवारच्या शाळेतली पोर माझ्याकडे अशी बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“ही गोष्ट मला फाइलला लावावी लागेल,” ती म्हणाली. “वारसानं मागितलं तर कोर्ट तुम्हाला काढू शकतं. मला तिला विचारावं लागेल.”

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. बराच वेळ ऐकत होती. फोन ठेवून म्हणाली, “त्या म्हणतात, तिनं सुरू केलंय, तिनंच पुरं करावं. आणि एक कागदही अर्धा राहता कामा नये.”

घरी येऊन कोर्टाला दिलेली ‘घरातलं सामान’ ही यादी नव्यानं लिहायला घेतली. ‘जुनी भांडी, दोन खोकी’ खोडलं. ती इस्टेटीची नाहीत. जिनेट म्यूज यांची, २००१ पासून इथं ठेवलेली.

झोप लागली नाही, पण धडधड नव्हती. आता फक्त भीती आहे. मी एकाहत्तरची आहे आणि कुठं जायचं ते ठाऊक नाही.

९ जानेवारी

वेंडल जिनेटला घेऊन आला, अकरा वाजता. मी किल्ली दिली नाही, अजून कोर्टाचे आणि कराचे कागद बाकी आहेत, देता येत नाही. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “नियमानं कर.”

तिनं घर बघितलं. खोल्यांतून हिंडताना तिची पावलं वर ऐकू येत होती, मी खाली बसून होते. शेडमध्ये गेली ती बराच वेळ आली नाही. आल्यावर सहा नंबरचे बूट पायात होते.

“मे महिन्यापर्यंत राहा,” म्हणाली. “नंतरचं मी आज सांगत नाही. चांगलं वागण्याची घाई मला नाही.”

“बरं,” मी म्हटलं.

मग म्हणाली, “मला त्याच्याकडे ने.”

दफनभूमी घरापासून चालत दहा मिनिटं. गुडघाभर बर्फ, मी पुढं, ती माझ्या पावलांत पाय टाकत मागं. दगडावरचा बर्फ तिनं हातमोज्यानं झाडला. एल्वूड कॉर्कम, दोन तारखा. आणखी काही कोरायला त्यानं सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

“शेवटी कोण होतं जवळ?” तिनं विचारलं.

“मी. तीन दिवस हॉस्पिटलात. रात्रंदिवस मीच.”

“काही बोलला?”

“बोटीचे दोर नीट बांधले का, विचारलं. दोनदा.”

“माझ्याबद्दल?”

एक वाक्य जिभेवर आलं होतं. शेवटचं नाव तुझंच घेतलं, म्हणावं. कुणाचं काय बिघडलं असतं. तिला आयुष्यभर पुरलं असतं, आणि मे महिन्यानंतरचं माझंही कदाचित सुटलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “काही बोलला नाही. मी खोलीत होते ना, जिनेट. माझ्यासमोर तो कसा बोलणार?”

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मग दगडाकडे तोंड करून तिच्या भाषेत काहीतरी बोलायला लागली, हळू, थांबून थांबून. मी फाटकापर्यंत चालत गेले आणि तिकडे पाठ करून उभी राहिले, तिचं बोलणं संपेपर्यंत.